धुंदलवाडीची भेग, मंगळावरचा डाग

नोव्हेंबर २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी या तालुक्यांच्या सीमेवर जमिनीखालून आवाज यायला लागले. आधी गडगडाट, मग हादरा. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी, आंबेसरी, सासवंद ही नावं तोवर मुंबईच्या वर्तमानपत्रांत क्वचितच छापून यायची, ती रोज दिसू लागली. त्याच महिन्याच्या २६ तारखेला नासाचं ‘इनसाइट’ हे यान मंगळावरच्या एलिसियम प्लॅनिशिया नावाच्या लाव्हाच्या सपाट मैदानावर उतरलं. मंगळाची जमीन हलते का आणि हलत असेल तर कशाने, एवढंच त्याला ऐकायचं होतं. १९ डिसेंबरला यानाच्या यांत्रिक हाताने भूकंपमापक उचलून जमिनीवर ठेवला. २०१९ च्या १ फेब्रुवारीला तलासरी-डहाणू भागात ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. दुसऱ्याच दिवशी मंगळावर त्या यांत्रिक हाताने भूकंपमापकावर वाऱ्यापासून आडोसा देणारी घुमटी बसवली.

या तारखा जवळजवळ आल्या हा निव्वळ योगायोग आहे. दगडाचं मात्र तसं नाही. डहाणू-तलासरीच्या पायाखाली ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट आहे, आणि एलिसियमच्या मैदानाखालीही बेसॉल्टच आहे.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘नजर’ हा विषय दिला, तेव्हा मी मंगळाच्या छायाचित्रांची वर्गवारी करणाऱ्या यंत्रांबद्दल वाचत होते. लाखो फोटोंतून नवा खड्डा कुठला, वाळू कुठली, कातळ कुठला हे ओळखायला संगणकाला शिकवतात, त्याला मशिन लर्निंग म्हणतात. हे शिकवणं नेमकं कसं चालतं याचा विचार करताना मला सारखी डहाणूची भूकंपग्रस्त घरं आठवत होती. तिथेही सरकारी माणसं आली होती, फोटो काढून गेली होती, आणि हजारो भेगांची वर्गवारी झाली होती. म्हणून आधी तिकडे गेले.

पाड्यांवर

डहाणू रोड स्टेशनवर उतरलं की समुद्राची बाजू वेगळी आणि डोंगराची वेगळी. समुद्राकडे घोलवडपर्यंत चिकूच्या वाड्या, डोंगराकडे चारोटी ओलांडून महालक्ष्मीचा सुळका. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून जाणाऱ्या कुणालाही तो सुळका चुकत नाही. महामार्ग सोडून आत वळलं की डांबरी रस्ता अरुंद होत जातो, भातशेतीचे तुकडे लागतात, मध्येच काळ्या दगडाची एखादी लांब रांग जमिनीतून वर आलेली दिसते. लाव्हा भेगेत शिरून तिथेच थिजला की अशी उभी भिंत तयार होते. हा भाग अशा भिंतींनी आणि भेगांनी भरलेला आहे. इथली जमीन हलायला कुठून जागा मिळाली, याचा पहिला सुगावा ही रांगच देते.

धक्क्यांची मालिका पुढे वर्षानुवर्षं चालू राहिली. यंत्रांवर हजारो धक्के नोंदले गेले. त्यातले बरेचसे इतके लहान की माणसाला कळतही नाहीत. जे कळत होते ते उथळ होते, आणि उथळ धक्क्याचा आवाज ऐकू येतो. पाड्यावर ज्यांच्याशी बोलले त्यांना हादऱ्यापेक्षा आवाजाची आठवण जास्त पक्की होती. एका आजींनी सांगितलं, की आधी दूरवर सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा, मग भांडी वाजायची, आणि भांडी थांबेपर्यंत नातवंडं बाहेर पळालेली असायची. त्या थंडीत लोक रात्री घराबाहेर ताडपत्रीखाली झोपले. प्रशासनाने आणि एनडीआरएफने तंबू उभारले. काही शाळांतले वर्ग भिंतींबाहेर, उघड्यावर भरले. १ फेब्रुवारीच्या धक्क्यात घराबाहेर धावताना पडून एका लहानग्या मुलीचा जीव गेला.

भूगर्भशास्त्रज्ञ अशा घटनेला ‘स्वॉर्म’ म्हणतात. एक मोठा धक्का आणि त्यामागून विरत जाणारे छोटे धक्के हा भूकंपाचा नेहमीचा क्रम. इथे तसं काही नव्हतं, लहान-मध्यम धक्क्यांचं मोहोळच उठलं होतं. पावसाचं पाणी भेगांमधून खोल झिरपतं, दगडांच्या फटींमधला दाब बदलतो आणि आधीच ताणाखाली असलेला भाग सरकतो, हे त्यामागचं एक महत्त्वाचं स्पष्टीकरण. वज्रेश्वरी-गणेशपुरीचे गरम पाण्याचे झरे याच किनारपट्टीवर, थोडे दक्षिणेला आहेत. या कातळात पाणी खोलवर जाऊन तापून वर येतं याचा तो रोजचा पुरावा. महाराष्ट्रात भूकंप म्हटलं की ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा ६.३ तीव्रतेचा धक्का सगळ्यांना आठवतो. पालघरची गोष्ट त्याहून कितीतरी लहान, पण संपता न संपणारी. रोज थोडं थोडं घाबरणं ही वेगळी शिक्षा असते, आणि तिची नोंद कुठल्याच आकड्यात होत नाही.

एका भेगेची तीन कारणं

पाड्यावरची घरं दोन प्रकारची. जुनं घर कुडाचं: कारवीच्या काटक्या उभ्या रोवून, त्यावर माती आणि शेणाचा लेप देऊन केलेल्या भिंती, वर कौलं. नवं घर विटांचं, बहुतेक घरकुल योजनेतलं. धक्का बसला की कुडाची भिंत थोडी वाकते, लेपाचे पोपडे निघतात आणि ती परत उभी राहते. विटांची भिंत जड असते, वाकत नाही, म्हणून तडकते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग ही भूकंपाची ओळखीची खूण आहे.

पण भिंतीवरची प्रत्येक भेग भूकंपाची नसते. पाया काळ्या मातीत असला तर उन्हाळ्यात माती आक्रसते, पावसाळ्यात फुगते आणि भिंतीला तडा जातो. गिलावा घाईने वाळला तरी बारीक केसांसारख्या भेगा पडतात. एका घराच्या मालकांनी मला त्यांच्या पडवीत तीन भेगा दाखवल्या. एक घर बांधलं त्याच वर्षाची, एक पहिल्या मोठ्या हादऱ्याची, तिसरी त्यानंतरच्या पावसाळ्यातली. फोटोत तिन्ही सारख्याच दिसत होत्या. फरक त्यांना माहीत होता, कारण प्रत्येक भेग पडली तेव्हा ते तिथे होते.

पंचनामा करणाऱ्या तलाठ्यापुढे नेमका हाच प्रश्न असतो. त्याला प्रत्येक घर एका रकान्यात बसवायचं असतं: पूर्ण पडझड, अंशतः पडझड किंवा नुकसान नाही. रकान्यावर मदतीची रक्कम ठरते. चांगला तलाठी भिंत पाहतो, मग घरच्यांना विचारतो, मग शेजाऱ्यांना, आणि मगच लिहितो. घाईत असलेला तलाठी भेग पाहतो आणि लिहून मोकळा होतो. दोघांचा कागद सारखाच दिसतो, खातरजमा मात्र एकाच कागदामागे असते.

मशिन लर्निंगमध्ये या रकान्यालाच लेबल म्हणतात. फोटो आणि त्यावर माणसाने चिकटवलेलं लेबल अशा हजारो जोड्या यंत्रापुढे ठेवल्या, की ते शिकतं. लेबल कच्चं असेल तर यंत्र तेच कच्चेपण शिकतं आणि पुढे लाखो फोटोंवर ते विश्वासाने लावत जातं. मंगळाच्या फोटोंबद्दल वाचताना मला सगळ्यात जास्त हेच जाणून घ्यायचं होतं: तिथे भेगेची हकीकत सांगायला कोण बसलं आहे?

चाळीस मिनिटं आणि पाच सेकंद

‘मार्स रिकनेसन्स ऑर्बिटर’ हे यान २००६ पासून मंगळाभोवती फिरतं आहे. त्याच्यावरचे दोन कॅमेरे या गोष्टीत महत्त्वाचे. ‘कॉन्टेक्स्ट कॅमेरा’ कृष्णधवल फोटो काढतो, सुमारे ३० किलोमीटर रुंदीचे पट्टे, आणि त्यातला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे ६ मीटर. ‘हायराइज’ हा दुसरा कॅमेरा ३० सेंटीमीटरपर्यंतचा तपशील दाखवतो, पण एका वेळी जमिनीचा फार लहान तुकडा. एकाने सगळा परिसर पाहायचा, दुसऱ्याने जवळ जाऊन खात्री करायची, अशी ही विभागणी.

अशनी आदळून नवा खड्डा पडला की आजूबाजूची फिकी धूळ उडून जाते आणि खालचा काळसर थर उघडा पडतो. कॉन्टेक्स्ट कॅमेऱ्यात त्याचा डाग दिसतो. खड्डा काही मीटरचाच असेल तर तो स्वतः दिसत नाही, डाग तेवढा दिसतो. तो शोधायला शास्त्रज्ञ एकेका पट्ट्यावर सरासरी ४० मिनिटं डोळे ताणून बसत. आणि पट्टे होते १,१२,००० हून अधिक.

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या संगणकशास्त्रज्ञांनी हे काम यंत्राला शिकवलं. त्यासाठी कॉन्टेक्स्ट कॅमेऱ्याचे ६,८३० फोटो निवडले. काहींत हायराइजने आधीच खात्री केलेले नवे खड्डे होते, काहींत मुद्दाम काहीच नव्हतं. ‘इथे आहे’ हे शिकवायला ‘इथे नाही’ असलेले फोटोही तितकेच लागतात. शिकलेलं यंत्र मग साठवलेल्या पट्ट्यांवर सोडलं. एका पट्ट्याला आता सरासरी पाच सेकंद लागत होते. २६ ऑगस्ट २०२० रोजी हायराइजने यंत्राच्या एका शोधावर शिक्कामोर्तब केलं. नॉक्टिस फॉसी या भागात लहान खड्ड्यांचा एक पुंजका होता, त्यातला सर्वांत मोठा ४ मीटर रुंद. मार्च २०१० ते मे २०१२ या काळात कधीतरी तो तयार झाला होता. तो इतकी वर्षं फोटोत होता आणि कुणाच्या नजरेला पडला नव्हता.

या बातमीचं कौतुक करताना एक तपशील बहुतेकांच्या हातून निसटतो, आणि मला तोच मोलाचा वाटतो. यंत्राने खड्डा जाहीर केला नाही. त्याने डाग दाखवला. मंगळाच्या नव्या खड्ड्यांचा अभ्यास करणाऱ्या इन्ग्रिड डॉबर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी तो पाहिला, हायराइजला तिकडे वळवलं गेलं, आणि मगच नोंद झाली. मंगळावर पडवीत बसून हकीकत सांगणारा कुणी नाही, म्हणून तिथे दुसऱ्या, जास्त बारीक नजरेच्या कॅमेऱ्याकडून जबाब घेतला जातो.

यंत्र कसं पाहतं

संगणकाला फोटो दिसत नाही, आकड्यांची जाळी दिसते. प्रत्येक पिक्सेल म्हणजे उजेडाचा एक आकडा. शिकवणीत वापरलं जाणारं न्यूरल नेटवर्क या जाळीवरून लहान लहान चौकटी सरकवतं आणि कुठे कड आहे, कुठे ठिपका आहे, कुठे पोत बदलतो हे टिपतं. त्यावरच्या थरात कडा जोडून वळणं होतात, वळणं जोडून वर्तुळं होतात. शेवटच्या थराला लेबल सांगायचं असतं. चुकलं की चूक मागे पाठवली जाते आणि आतले लाखो आकडे किंचित हलवले जातात. हे हजारो वेळा होतं. ‘खड्डा म्हणजे काय’ असा नियम कुणीच लिहीत नाही.

मंगळासाठी अगदी कोऱ्या पाटीपासून सुरुवात केली जात नाही. २०१२ मध्ये गाजलेलं ‘अॅलेक्सनेट’ नावाचं नेटवर्क बारा लाखांहून अधिक साध्या फोटोंवर शिकलं होतं: कुत्री, गाड्या, कपबश्या, फुलं. कडा आणि पोत ओळखायचं त्याचं कौशल्य मंगळावरही कामी येतं, म्हणून २०१८ मध्ये किरी वॅगस्टाफ आणि त्यांच्या गटाने तेच नेटवर्क घेऊन त्याला मंगळाचे फोटो दाखवले. हायराइजच्या फोटोंत खड्डे, काळ्या आणि उजळ वाळूच्या टेकड्या, उतारावरच्या रेघा ओळखायला शिकवलं. मंगळाच्या जमिनीवर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या फोटोंत चाक, ड्रिलने पाडलेली भोकं, क्षितिज, सूर्य, जमीन. नासाच्या ग्रहांच्या छायाचित्र-संग्रहात आता मजकुराने शोधता येतं ते या कामामुळे. ‘चाक’ लिहिलं की चाकांचे फोटो समोर येतात.

त्यांच्या दोन निर्णयांचा मला खास आदर वाटतो. पहिला म्हणजे रोव्हरचे फोटो शिकवण्यासाठी आणि परीक्षेसाठी वाटताना त्यांनी ते तारखेने वाटले: आधीच्या दिवसांचे शिकवायला, नंतरच्या दिवसांचे तपासायला. रोव्हरवर धूळ बसत जाते, चाकं झिजतात, भूप्रदेश बदलतो. जुन्या दिवसांवर शिकलेलं यंत्र उद्याच्या दिवसाला कितपत पुरेल हे त्यामुळे प्रामाणिकपणे कळतं. दुसरा निर्णय असा, की यंत्राची खात्री ९० टक्क्यांहून कमी असेल तर ते उत्तर लोकांना दाखवायचंच नाही. ठाऊक नसेल तेव्हा गप्प राहायची सोय यंत्रात करून ठेवणं, हे पंचनाम्याच्या कोऱ्या ठेवलेल्या रकान्याइतकंच महत्त्वाचं आहे.

चुकीची किंमत खरी असते. २००९ मध्ये स्पिरिट रोव्हर पातळ कवचाखालच्या भुसभुशीत मातीत रुतला, तो पुन्हा निघालाच नाही, आणि मार्च २०१० नंतर त्याचा आवाज बंद झाला. वरून जमीन घट्ट दिसत होती. अशा जमिनी ओळखता याव्यात म्हणून जेट प्रपल्शन लॅबोरेटरीने २०२० मध्ये ‘एआयफॉरमार्स’ हा प्रकल्प सामान्य लोकांसाठी खुला केला. घरबसल्या माणसांनी रोव्हरच्या फोटोंवर वाळू, घट्ट माती, कातळ आणि मोठे दगड यांच्या कडा आखल्या. ३५ हजार फोटोंवर सुमारे ३ लाख २६ हजार लेबलं जमा झाली. प्रत्येक फोटो अनेकांनी पाहिलेला, म्हणजे एकाच घरासाठी अनेक शेजाऱ्यांचा जबाब. नांगर कुठे चालेल आणि कुठे अडेल हे पाहताक्षणी सांगणारे शेतकरी मी तलासरीत भेटले आहेत. बेसॉल्टवर पसरलेल्या मातीची त्यांची पारख अशा कामात थेट उपयोगी पडेल, याबद्दल मला शंका नाही.

हादरा आणि खड्डा

इनसाइटने पहिला मंगळकंप ६ एप्रिल २०१९ ला ऐकला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये सौरपट्ट्यांवर धूळ साचून यान बंद पडेपर्यंत १,३०० हून अधिक कंप नोंदले गेले. त्यातले बरेच सर्बेरस फॉसी नावाच्या लांबलचक भेगांच्या प्रदेशातून आले. तरीही प्रत्येक कंपामागे तोच प्रश्न होता, जो धुंदलवाडीत विचारला जात होता: हा हादरा कुठून आला, कशाने आला?

एका यंत्राला याचं उत्तर देणं कठीण. मंगळावर भूकंपमापक एकच होता. पालघरमध्ये राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आसपास अनेक मापकं बसवली, त्यामुळे धक्क्याची जागा नीट पकडता आली. एका मापकाने अंतर आणि ढोबळ दिशा तेवढी कळते. म्हणून मंगळावर कानाच्या मदतीला डोळे लागले. २४ डिसेंबर २०२१ ला ४ तीव्रतेचा कंप झाला. पुढच्या फेब्रुवारीत कॅमेऱ्यांच्या फोटोंत १५० मीटर रुंदीचा ताजा खड्डा सापडला, कडेला जमिनीखालून उसळून आलेल्या बर्फाच्या शिळा. तारीख जुळली. अशनीच्या आघाताने झालेला हादरा अशी त्याची पक्की ओळख पटली.

तो खड्डा मोठा होता, डोळ्यांनी सापडला. लहान खड्ड्यांसाठी यंत्र लागलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात व्हॅलेंटिन बिकेल, कॉन्स्टँटिनोस चारालाम्बस आणि सहकाऱ्यांनी मशिन लर्निंगने कॉन्टेक्स्ट कॅमेऱ्याचे फोटो चाळून इनसाइटपासून सुमारे ३,००० किलोमीटरच्या आत १२३ नवे खड्डे शोधले. त्यातले ४९ नोंदलेल्या कंपांशी जुळण्याची शक्यता होती. एक २१.५ मीटरचा खड्डा थेट सर्बेरस फॉसीत होता, यानापासून १,६४० किलोमीटरवर. त्या भागातला कंप म्हणजे भेगा सरकल्याचाच, असं आधी धरलं जायचं. खड्डा सापडला आणि हादऱ्याचं कारणच बदललं. लहरी तिथपर्यंत आल्या होत्या त्या मंगळाच्या आतल्या प्रावरणातून, एका वेगवान वाटेने, हेही त्यातून उलगडलं. एका डागाचं लेबल बदललं म्हणून ग्रहाच्या पोटाबद्दलची समजूत बदलली. हे वाचताना मी अक्षरशः उठून बसले होते.

एकच गोष्ट डोळ्यांनी आणि कानांनी स्वतंत्रपणे पाहणं हा यातला गाभा आहे. मंगळकंप शोधण्यासाठीही मशिन लर्निंग वापरलं गेलं. कंपाची लहर एका रंगीत पट्टीत मांडली की तीही एक प्रतिमाच होते. खऱ्या मंगळकंपांची संख्या शिकवायला कमी पडत होती, म्हणून शास्त्रज्ञांनी कृत्रिम कंप तयार केले आणि ते मंगळावरच्या खऱ्या वाऱ्याच्या गोंगाटात मिसळले. आपल्याकडे उलट आहे. पालघरमध्ये खरे धक्के हजारोंनी आहेत आणि गोंगाटही महामार्गाचा, रेल्वेचा, खाणींचा खराखुरा.

पॅसाडेनातला मराठी माणूस

या क्षेत्रात मराठी नाव शोधायला लांब जावं लागत नाही. पुण्याच्या आयुकात संशोधन केलेले आणि मराठीतही लिहिणारे आशिष महाबळ पॅसाडेनातल्याच कॅलटेकमध्ये आहेत. खगोलशास्त्रीय प्रतिमांवर मशिन लर्निंग वापरणं हे त्यांचं काम. कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावरच्या ४८ इंची दुर्बिणीतून ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’ रात्रभर आकाश पुन्हा पुन्हा टिपते. पृथ्वीजवळून वेगाने जाणारा लघुग्रह या फोटोंत बिंदू म्हणून नाही, रेघ म्हणून उमटतो. उपग्रहही रेघ काढतात आणि कॅमेऱ्यातले दोषही. २०१९ मध्ये दिमित्री द्युएव, महाबळ आणि सहकाऱ्यांनी ‘डीपस्ट्रीक्स’ ही यंत्रणा मांडली. रोज कित्येक तास लागणारं माणसांचं काम तिने सामान्यतः दहा मिनिटांच्या आत आणलं. उरलेली दहा मिनिटं मात्र माणसाचीच. शेवटचा होकार तोच देतो.

वरून दिसणारी तलासरी

आता परत आपल्या जमिनीकडे. मुंबईहून गाडी डहाणू रोड ओलांडून उत्तरेला गेली की पुढे अहमदाबाद येतं, आणि तिथे इस्रोचं ‘स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटर’ आहे. मंगळयानाचा रंगीत कॅमेरा आणि चांद्रयानांचे नकाशे काढणारे कॅमेरे तिथेच घडले. त्याच केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राबरोबर पालघरच्या स्वॉर्मचा अभ्यास केला, आणि तो २०२० मध्ये ‘टेक्टोनोफिजिक्स’ या नियतकालिकात आला. त्यात युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार प्रतिमा होत्या.

ही पद्धत सुंदर आहे. उपग्रह एकाच जागेवरून काही दिवसांच्या अंतराने दोनदा जातो, दोन्ही वेळा रडारची लहर जमिनीवर आपटून परत घेतो. मधल्या काळात जमीन वर-खाली झाली असेल तर परतलेल्या लहरीचा टप्पा किंचित बदलतो. सेंटिनेलची लहर ५.६ सेंटीमीटरची, जाऊन-येऊन विचार केला तर २.८ सेंटीमीटरच्या हालचालीला नकाशावर रंगांचा एक पूर्ण पट्टा उमटतो. तलासरी-डहाणूच्या बाबतीत काही सेंटीमीटरांची हालचाल अशी अवकाशातून वाचता आली. आजींनी भांड्यांच्या आवाजात ऐकलेली तीच हालचाल.

रंगांचे पट्टे वाचायलाही यंत्र शिकवलं गेलं आहे. २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटाने जगभरच्या नऊशेहून अधिक ज्वालामुखींच्या तीस हजारांवर रडार नकाशांवर तेच अॅलेक्सनेट चालवलं, मंगळासाठी वापरलेलं. खरी फुगणारी जमीन कोणती आणि हवेतल्या बाष्पाने केलेला भास कोणता हे ओळखणं हे मुख्य आव्हान होतं. आपल्या किनाऱ्यावर ते आणखी बिकट आहे. दमट हवा रडारची लहर लांबवते आणि जमीन न हलताच रंगाचे पट्टे दिसतात. पावसाळ्यात गवत आणि भात दाट वाढतात, मग सेंटिनेलची आखूड लहर पानांतच हरवते आणि दोन फोटो जुळतच नाहीत. पाणी झिरपतं तो काळ नेमका हाच, आणि नेमका तेव्हाच वरचा डोळा अंधूक होतो.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा इस्रो आणि नासाचा एकत्रित उपग्रह गेला. त्यात नासाची सुमारे २४ सेंटीमीटर लांबीची लहर आहे, पानांच्या थरातून जमिनीपर्यंत पोचण्याची तिची शक्यता जास्त. सोबत इस्रोचा, अहमदाबादच्या केंद्राने घडवलेला, एस-बँडचा म्हणजे त्याहून आखूड लहरीचा रडार आहे. १२ दिवसांनी तो पुन्हा त्याच जागेवर येतो. तलासरीसारख्या हिरव्या, उथळ धक्क्यांच्या प्रदेशासाठी हा उपग्रह जणू मागवून घेतला असावा असा आहे.

पण त्याच्या प्रतिमांवर यंत्र चालवायचं तर लेबलं लागतील, आणि ती आकाशातून पडत नाहीत. कोणत्या पाड्यावर कोणत्या रात्री भांडी वाजली, कोणत्या विहिरीचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा खाली गेलं, कोणती भेग हादऱ्याची आणि कोणती मातीच्या फुगण्याची, हे त्या त्या दिवशी लिहून ठेवलं पाहिजे. आज ही माहिती पंचनाम्याच्या कागदांत, शाळेच्या हजेरीत आणि माणसांच्या आठवणीत विखुरलेली आहे. धुंदलवाडीच्या एका गुरुजींनी २०१९ च्या हिवाळ्यात वहीच्या मागच्या पानांवर धक्क्यांच्या वेळा टिपल्या होत्या. कुणी सांगितलं म्हणून नाही, मुलांना परत वर्गात कधी बसवायचं हे ठरवायचं होतं म्हणून. त्यांनी ती वही मला दाखवली. वेळेपुढे कधी ‘आवाज’, कधी ‘आवाज नाही, फक्त हादरा’ असं लिहिलेलं होतं.

भूकंपशास्त्राच्या दृष्टीने हा भेद फार कामाचा आहे, कारण आवाज येणं हे धक्का उथळ आणि जवळचा असण्याचं लक्षण आहे. अशा वह्या आणखी घरांत असतील. तहसील कार्यालय आणि भूकंपविज्ञान केंद्र यांनी मिळून त्या गोळा केल्या, तारखा मापकांच्या नोंदींशी ताडल्या आणि गावांची नावं नकाशावर टाकली, तर निसारच्या प्रतिमा शिकवायला लागणारा पहिला संच तयार होईल. मंगळासाठी तो ६,८३० फोटोंचा होता. इथे तो गुरुजींच्या वहीपासून सुरू करता येईल, आणि त्या वह्या जपून ठेवणारी माणसं अजून पाड्यावर आहेत.